नवी कोरी गाडी घेतलीय, तिच्या विम्याचा कागद काचेवर लावावा लागतो का? मोबाईलवर दाखवला तर चालतो का?

नाही, काचेवर विम्याचं काही चिकटवायचं नाही. काचेवर असतो तो फास्टॅग, टोलचा. त्याचा विम्याशी काही संबंध नाही. फ्रान्समध्ये मात्र परवापरवापर्यंत विम्याचं हिरवं स्टिकर काचेला लावणं सक्तीचं होतं. १ एप्रिल २०२४ पासून त्यांनीही ते बंद केलं. तिथले पोलीस आता गाडीच्या नंबरवरून बघतात.

आपल्याकडं मागितल्यावर दाखवायचा, एवढंच. २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला, तेव्हापासून मोबाईलवरची कागदपत्रं चालतात. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधून दाखवा. गॅलरीतला कागदाचा फोटो दाखवाल तर हुज्जत होणार.

माझं स्वतःचं सांगतो. मी सांगलीचा, गावभागातला. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढं गेली तेव्हा माझी गाडी दारातच होती. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं आरसी, विमा, पियुसी, सगळ्याचा लगदा. (विमाही फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा. पुराचं नुकसान त्यात येत नाही, इंजिन खोलायचा खर्च खिशातून गेला.) तेव्हापासून मी सगळं मोबाईलवर ठेवायला लागलो.

पण मोबाईलनंही एकदा दगा दिला. पुण्याला जाताना आनेवाडी टोलनाक्याच्या पुढं गाडी थांबवली. पोलिसांनी मशीनमध्ये नंबर टाकला आणि म्हणाले, "साहेब, विमा संपलाय." मी तर दोन महिन्यांपूर्वीच ऑनलाइन पैसे भरले होते! पॉलिसीची पीडीएफ उघडून दाखवली. माणूस समजूतदार होता, क्यूआर कोड स्कॅन करून सोडलं. घरी येऊन बघतो तर कंपनीनं चेसिस नंबरात एक आकडा चुकवलेला, त्यामुळं सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नवी तारीख चढलीच नव्हती. दुरुस्त व्हायला पंधरवडा आणि सात-आठ मेल लागले.

म्हणून विमा भरला की आठवड्याभरानं एमपरिवहनमध्ये आपला नंबर टाकून मुदतीची तारीख बघा. नाक्यावर पोलीस तीच बघतात, तुमच्या हातातला कागद नंतर.

तुम्ही गाडी नवी कोरी घेतलीय म्हणता, तर एक गोंधळ आधीच सांगतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा घ्यावा लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक जण एकच वर्षाचा घेतात. मग एकाच पॉलिसीवर दोन तारखा दिसतात. कायद्यानं सक्ती थर्ड पार्टीची (मोटार वाहन कायदा, कलम १४६), पोलिसांना ती तारीख हवी. दुसरी संपली तर दंड नाही, पण गाडी ठोकलीत तर भरपाईही नाही.

विमाच नसेल तर पहिल्यांदा २००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. विमा आहे पण त्या क्षणी दाखवता आला नाही, तर खाजगी गाडीला सांगितलेल्या ठाण्यात सात दिवसांत दाखवायची सोय कायद्यात आहे. अपघातात कुणाला लागलं आणि विमा नसला, तर मात्र भरपाईची रक्कम तुमच्याच डोक्यावर.

शिवाय कास पठार, चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं जाणार असाल तर तिथं रेंज येते-जाते. पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. मी तर एक झेरॉक्सही ठेवतो, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. बायको हसते.