खाणं तीनदा बदललं, तरी खाज थांबेना

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमचा कुत्रा ब्रूनो चार वर्षांचा आहे. गेलं दीड वर्ष तो सतत पंजे चाटतो, तोंड गालिच्यावर घासतो. कान तीनदा पिकले. रात्री त्याच्या चाटण्याच्या आवाजानेच आम्हाला जाग येते. इंजेक्शन दिलं की आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दोन महिन्यांत तीनदा खाणं बदललं, फरक नाही. पण लहानपणापासून तो तेच खात आलाय, मग आत्ताच ॲलर्जी कशी होईल? रक्त तपासून घ्यावं का?

उत्तर : ‘लहानपणापासून तेच खातो’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते. ॲलर्जी नव्या पदार्थाची होते, असा आपला समज असतो. खरं तर शरीराची एखाद्या प्रथिनाशी आधी ओळख व्हावी लागते, त्यानंतरच ते त्याच्यावर बिथरतं. त्यामुळे वर्षानुवर्षं पचलेलं कोंबडीचं मांस किंवा दूधही एक दिवस बाधू शकतं.

तरीही ब्रूनोच्या बाबतीत माझा पहिला संशय खाण्यावर नाही. पंजे, तोंड, कान या जागा आणि अडीच वर्षांच्या वयात झालेली सुरुवात पाहता घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण किंवा बुरशी यांची ॲलर्जी असू शकते. ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. पण अन्नाची ॲलर्जी हुबेहूब अशीच दिसते. नुसतं बघून कोणताही डॉक्टर या दोन्हींतला फरक सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. म्हणून एकेक शक्यता क्रमाने बाद करत जायचं.

आधी पिसवा. ‘आमच्याकडे नाहीत’ म्हणू नका. खाजणारा कुत्रा त्या चाटून गिळून टाकतो आणि ज्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे, त्याला मोजके चावेही पुरतात. शेपटीच्या बुडाशी केस विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ब्रूनोची खाज तिथे नाही, तरी घरातल्या सगळ्या प्राण्यांना निदान तीन महिने औषध द्या, कारण पिसवांचे कोश अंथरुणात, फटींत महिनोन्‌महिने दबा धरून बसतात.

त्याच सुमारास डॉक्टरांना पंजांवर आणि कानात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. चाटून ओल्या राहिलेल्या बोटांमध्ये जिवाणू आणि यीस्ट माजतात, आंबूस वास येतो आणि मूळ ॲलर्जीपेक्षा त्यांचीच खाज जास्त होते. ती निस्तरल्याशिवाय दिलेलं प्रत्येक औषध निकामी वाटतं. खरजेचे किडेही तिथेच वगळून घ्या.

मग खाणं. तीनदा बदललंत, पण दोन महिन्यांत तीनदा, म्हणजे एकही प्रयोग पूर्ण झाला नाही. एकच आहार किमान आठ आठवडे हवा, आणि तो डॉक्टरांनी ठरवलेला. त्यापलीकडे तोंडात कणही नाही. माझ्या चिंगी कुत्रीवर मी हाच प्रयोग केला होता. सहाव्या आठवड्यात खाज पुन्हा उसळली आणि मी खाण्याची ॲलर्जी नाही, असं ठरवून मोकळी होणार होते. मग आठवलं, चार दिवसांपूर्वी मीच तिला जंताची गोळी दिली होती, मांसाच्या चवीची. आम्ही पहिल्यापासून मोजायला लागलो. त्या वेळची हळहळ अजून आठवते, म्हणून सांगते: चवीच्या गोळ्या, टूथपेस्ट, मुलांच्या हातून सांडलेलं बिस्कीट, सगळं धरा. खाज कमी झाली, तर जुनं खाणं पुन्हा द्यायचं. साधारण दोन आठवड्यांत खाज परतली, तरच निदान पक्कं.

रक्ततपासणीचं म्हणाल, तर अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त, केस किंवा लाळ तपासून विश्वासार्ह उत्तर मिळत नाही. ते पैसे वाचवा. हवेतल्या ॲलर्जीचं निदान झाल्यावर, शरीराला त्या गोष्टींची हळूहळू सवय लावणारी लस बनवण्यासाठी कशाकशाची ॲलर्जी आहे हे शोधायचं, तेव्हा रक्ततपासणीला अर्थ आहे. लशीचा गुण यायला वर्षही लागतं. ही ॲलर्जी बहुधा जन्मभराची असते, पण आटोक्यात राहते.

ते इंजेक्शन कसलं, हे डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइड असेल, तर थोड्या दिवसांपुरतं ठीक. वारंवार दिलं की तहान, भूक, लघवी वाढते, वजन वाढतं. आता खाज थांबवणारी वेगळी औषधंही आहेत. मात्र घरातली सर्दीची गोळी देऊ नका, नाक मोकळं करणारं त्यातलं औषध कुत्र्याला घातक ठरू शकतं.

तोवर फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांमधून नीट कोरडे करा. आणि रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण लिहून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांत ज्यांनी अशी वही ठेवली, त्यांचं निदान लवकर झालं. तोंड अचानक सुजलं, उलट्या झाल्या किंवा तो गळून पडला, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : आमच्या मनीच्या पोटावरचे केस गेलेत, पण ती कधी खाजवताना दिसत नाही. कुत्र्याचे पिसवांचे थेंब घरात आहेत, ते लावू का?

उत्तर : नका लावू. आधी बाटलीवर ‘पर्मेथ्रिन’ लिहिलंय का बघा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला थरथर, झटके आणतं, जीवही घेतं. मांजरं आडोशाला चाटत बसतात, म्हणून तुम्हाला दिसत नाही. केसांची टोकं तुटलेली असतील, तर ते चाटूनच गेलेत. कारण पिसवा, खाणं, धूळ यांपैकी काहीही असेल. कधी मूत्राशय दुखतं म्हणूनही मांजर पोट चाटतं, तेव्हा लघवीही तपासून घ्या. थेंब आधीच लावले असतील, तर लक्षणांची वाट न बघता आत्ताच तिला डॉक्टरांकडे न्या, आणि ती बाटली बरोबर घ्या.