बाभळीच्या उट्या आधी, जॅक नंतर

प्रश्न : सहाचाकी ट्रक घेऊन चार महिने झाले. मार्केट यार्डातनं गूळ भरून रत्नागिरीला जातो. परवा आंबा घाटात पुढचा टायर बसला. जॅक चिखलात रुतत गेला, पाना नटावरून घसरत होता. तीन तास गेले. गाडीत कायम कोणती हत्यारं ठेवावीत?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : तीन तास गेले याचं वाईट वाटून घेऊ नका. रुतणाऱ्या जॅकजवळ कुणाला इजा झाली नाही, हे मोठं. शिरोली नाक्याजवळ टायरचं काम करून मला 31 वर्षं झाली. हत्यारांचं विचारणारा जो तो ‘जॅक किती टनाचा घेऊ?’ इथनं सुरू करतो. मी लाकडापासनं सुरू करतो.

वखारीत जाऊन बाभळीच्या दोन उट्या, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे, कापून घ्या. वीतभर उंच, एका अंगाला उतार दिलेल्या. त्याच लाकडाची फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाडीची फळी घ्या, ती जॅकखाली. ही फळी असती तर तुमचा जॅक रुतला नसता. घाटात दगड मिळतोच की, असं वाटेल. पण जांभा ओझ्याखाली फुटतो आणि गोल धोंडा ओल्या डांबरावर चाकासकट सरकतो. वर काम झाल्यावर दगड तिथंच टाकून लोक निघून जातात. मागनं येणारा मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. असं करू नका, हात जोडून सांगतो.

उटी कशासाठी, तेही समजून घ्या. हँडब्रेक धरतो तो मागच्या चाकांना. मागची एक बाजू उचलली की सगळा भरवसा दुसऱ्या बाजूवर. गाडी गिअरमध्ये ठेवली आहे म्हणाल, तर डिफरन्शियलमुळं, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळं, उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गिअरचा आधार सुटतो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उताराच्या बाजूनं उट्या दाबून बसवायच्या, मगच जॅकला हात लावायचा.

आता जॅक. भरलेल्या सहाचाकीला 20 टनाचा बाटली जॅक घ्या, पण घेताना त्याची बसकी उंची बघा. पुढचा टायर बसला की ॲक्सल इतका खाली येतो की उंच जॅक आत शिरतच नाही. तसं झालं तर बसलेलं चाक हळूच दुसऱ्या एका फळीवर चढवून घ्यायचं, तेवढी जागा मिळते. जॅक पेटीत उभाच बांधा. आडवा पडून राहिला की तेल गळतं आणि ऐन वेळी उचलत नाही.

पाना घसरत होता म्हणजे त्याचं तोंड झिजलंय किंवा माप चुकलंय. नट सोबत घेऊन दुकानात जा, बसवून बघा, मगच पैसे द्या. जोडीला चार फुटी मजबूत पाइप. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, कारण उचललेल्या गाडीवर जोर लावला की ती जॅकवरनं हलते. जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, ते एकदा बघून ठेवा. नट बसवताना समोरासमोरचे आवळत जायचं. साखरप्यात चहाला थांबाल तेव्हा आणि पुढं हातखंब्याला, दोन्हीकडं पुन्हा पाना लावा.

बाकी सामानात हवेचं मीटर, जोडचाकात अडकलेला दगड काढायला लहान पहार, रिंगचा गंज खरवडायला तारेचा ब्रश, डोक्याला बांधायची बॅटरी, चमकणारं जॅकेट आणि लाल त्रिकोण. घाटात त्रिकोण वळणाच्या अलीकडं ठेवायचा, गाडीच्या बुडाशी ठेवून कुणाला दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 ला फोन करा.

आणि स्टेपनी! चेसिसखाली चिखल खाऊन तिची साखळी गंजते. पावसाळ्याआधी एकदा खाली उतरवून तेल लावा, हवा तपासा. यार्डात, रिकाम्या गाडीवर, क्लीनरला घेऊन एक चाक काढून परत बसवा. काय कमी पडतं ते तिथंच कळेल.

प्रश्न : माझ्या ट्रकला लॉक रिंगची चाकं आहेत. टायर उचकटायच्या पट्ट्या आणि घण ठेवून रस्त्यावरच ट्यूब बदलली तर चालेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नाही. चाक बदला, ट्यूब दुकानात बदलू द्या. ट्रकच्या टायरात शंभराच्या आसपास पौंड हवा असते. टायर जागेवर धरणारी लॉक रिंग नीट बसली नसली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. मी शिकत होतो त्या दुकानात सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्याबाहेर हवा भरताना अशी एक रिंग सुटली. वरचा पत्रा फाडून गेली, आणि जाताना माझ्या जोडीदाराचं मनगट मोडून गेली. त्याला पुन्हा घण धरता आला नाही.

एक बारकं हत्यार मात्र किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवा, व्हॉल्वची पिन काढायची चावी. बसलेल्या टायरातली उरलीसुरली हवा नट सैल करायच्या आधी तिनं पूर्ण सोडा. चाकाच्या मुख्य रिंगला चीर गेली असेल तर कधीकधी ती नटांनीच धरलेली असते. जोडचाक असेल आणि चिरेची शंका आली, तर दोन्ही टायरांची हवा सोडा.