हाती न आलेला फरक आणि हातून गेलेला पीएफ

एका महानगरपालिकेत अकरा वर्षे कंत्राटी सफाई कामगार म्हणून काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या चौकीतील साठ महिलांनी दोन वर्षांपूर्वी संघटनेमार्फत समान वेतनाचा दावा दाखल केला. ताईंच्या हातात महिन्याला १६,५०० रुपये पडतात. शेजारच्या बीटवरील कायम कामगाराला ३८,००० मिळतात आणि त्याच ठेकेदाराच्या कचरागाडीवरील पुरुषांना या महिलांपेक्षा ४,००० रुपये जास्त मिळतात. ताई लिहितात, “सकाळी सहाला आम्ही रस्ता झाडतो आणि दहाला तेच ढीग त्यांच्याबरोबरीने गाडीत चढवतो.” कायम कामगाराच्या पगाराशी तुलना करता अकरा वर्षांचा फरक २८ लाख होतो, असा त्यांचा हिशेब आहे. त्या भरवशावर नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी दागिने गहाण ठेवून वर्षाला ४८,००० रुपये हप्त्याची विमा पॉलिसी घेतली, कारण “फरक आला की सगळे हप्ते त्यातूनच जातील” असे एजंटाने सांगितले. आता त्या विचारतात की हे २८ लाख एजंट म्हणतो तसे त्याच कंपनीच्या एकरकमी योजनेत टाकावेत, की भाऊ म्हणतो तसा प्लॉट घ्यावा?

ताई, दोन्ही नको. जे पैसे अजून आलेले नाहीत, त्यांची गुंतवणूक कुठे करायची हा आजचा प्रश्नच नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेले एक वाक्य मला त्याहून जास्त काळजीचे वाटते: “ठेकेदार बदलला की राजीनाम्यावर सही करून पीएफ काढून घेते, तेवढाच घरखर्चाला हातभार.” असे तुम्ही तीनदा केले आहे. त्याकडे येण्याआधी २८ लाखांचा हिशेब तपासू.

थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हीच मर्यादा सांगितली आणि नव्या वेतन संहितेतही दाव्याची मुदत तीन वर्षांचीच आहे. म्हणजे आधीची तीन आणि दावा चालू असलेली दोन मिळून आजपर्यंत ६० महिने होतात. तुम्ही तुलना वीस वर्षे नोकरी झालेल्या कामगाराच्या पगाराशी केली आहे. पण २०१६ च्या जगजित सिंग निकालात हंगामी कामगारांना समान कामासाठी नियमित वेतनश्रेणीची सुरुवातीची पायरी देण्याचे तत्त्व आहे, वरच्या पायऱ्या नव्हेत. शिवाय काम समान आहे हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो आणि ठेकेदारामार्फत लागलेल्यांना त्याआधी ठेका नावापुरता असून खरा मालक पालिकाच आहे, हेही दाखवावे लागते. सगळे मनासारखे झाले आणि महिन्याचा फरक ९,००० धरला, तर साडेपाच लाखांच्या आत रक्कम येते. फक्त कचरागाडीवरील पुरुषांइतके वेतन मंजूर झाले, तर सुमारे अडीच लाख.

या दुसऱ्या मागणीला मी कमी लेखत नाही. समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्री म्हणून कमी पैसे देण्यास १९७६ च्या समान मोबदला कायद्याने बंदी घातली आणि तीच तरतूद आता वेतन संहितेत आहे. ठेकेदार “परवडत नाही” म्हणत असेल, तर १९८७ च्या ऑड्री डिकोस्टा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सबब फेटाळली आहे, हे त्याला सांगा. दहा वाजता ढीग कोण चढवते, याचे रोजच्या तारखेसह फोटो तुमच्या वकिलांना फार उपयोगी पडतील.

मात्र पैसे कधी येतील, हे कोणीही सांगू शकत नाही. मुंबईतील २,७०० सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला, आणि त्यानंतरही कागदपत्रांतील नावे जुळत नाहीत म्हणून अनेकांची कामे अडली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम पालिकेच्या पावणेदोनशेच्या आसपास माजी कर्मचाऱ्यांना, ज्यांत बहुतेक महिला होत्या, समान वेतनासाठी दिवाणी न्यायालयात दाद मागता येईल की नाही, एवढाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१२ मध्ये सुटला. लढा योग्यच आहे, पण त्याच्या तारखेवर कर्ज काढायचे नसते.

आता पीएफ. तुम्ही तीन वेळा मिळून १ लाख ९० हजार काढलेत. सध्याच्या सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत राहिले असते, तर तुमच्या ५८ व्या वर्षी त्याचे सहा लाखांच्या पुढे गेले असते. त्याहून मोठे नुकसान पेन्शनचे आहे. मालकाच्या हिश्शातून पेन्शन योजनेत जाणारे पैसेही तुम्ही दर वेळी काढलेत, त्यामुळे सेवेची मोजणी प्रत्येक वेळी शून्यावर आली. पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या कमाल १५,००० वेतनावर अकरा आणि पुढची पंधरा वर्षे सलग धरली असती, तर दरमहा ६,००० च्या आसपास पेन्शन बसली असती. आता साडेतीन हजारांच्या आसपास बसेल. हा फरक मरेपर्यंत दर महिन्याला पडत राहील आणि तो कोणत्याही न्यायालयात मागता येणार नाही.

आणि हे प्रकरण फक्त पैशांवर थांबत नाही. पीएफ काढण्यासाठी सही केलेला प्रत्येक राजीनामा म्हणजे “मी नोकरी सोडली” असा तुमच्याच सहीचा पुरावा. अकरा वर्षे एकाच रस्त्यावर सलग झाडू मारल्याचे तुम्ही न्यायालयात सांगणार आणि समोरचा वकील हे तीन कागद टेबलावर ठेवणार. तुमच्या वकिलांना हे आधीच कळले पाहिजे. त्या काळातले हजेरीचे कागद, मुकादमाच्या सह्या, बँकेत जमा झालेला पगार, जे सापडेल ते आजपासून गोळा करा. ठेकेदार बदलला तरी काम एक दिवसही थांबले नव्हते, हे त्यातूनच दिसेल.

तुम्ही पाठवलेल्या पासबुकात सध्याच्या ठेकेदाराच्या दोन वर्षांपैकी शेवटचे १४ महिने कोरे आहेत. पगारपत्रकावर मात्र दरमहा १,८०० रुपयांची कपात दिसते. मालकाचा हिस्सा धरून हे ५० हजार रुपये झाले. ठेकेदाराने ते भरले नाहीत, तर मूळ नियोक्ता म्हणून महानगरपालिका जबाबदार आहे. साठही जणींची पासबुके काढा, पगारपत्रके जोडा आणि संघटनेमार्फत भविष्य निर्वाह निधी कार्यालयात एकत्र तक्रार करा. तिची प्रत पालिका आयुक्तांना द्या आणि पीएफचे चलन न पाहता ठेकेदाराचे बिल कसे मंजूर झाले, हा प्रश्न त्यात लेखी विचारा. साठ जणींचे मिळून हे तीस लाख होतात, आणि त्यासाठी दाव्याच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

पॉलिसीबद्दल मला खरोखर राग आला. वर्षाला दोन लाखांच्या आत कमावणाऱ्या बाईला उत्पन्नाचा चौथा हिस्सा भरायला लावायचा, तोही सोन्यावर कर्ज काढून, आणि त्या व्याजाच्या निम्माही परतावा मिळेल की नाही अशा योजनेत, हे कोणत्याही अर्थाने नियोजन नव्हे. ते त्या एजंटाचे कमिशन आहे. दुसरा हप्ता भरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल, तर वर्ष पूर्ण झाल्यावर पॉलिसी बंद करून काही रक्कम परत मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. फरकाचे आमिष दाखवून पॉलिसी विकल्याची तक्रार आधी कंपनीकडे आणि मग विमा लोकपालांकडे करा. तिथे शुल्क लागत नाही. जे परत मिळेल ते दागिने सोडवायला वापरा.

विमा हवाच, पण तो स्वस्तात मिळतो. पीएफ सदस्याला त्याच योजनेतून कमाल ७ लाखांपर्यंत जीवनविमा असतो, आणि त्यासाठी तुमच्या पगारातून काहीच कापले जात नाही. बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि अपघातासाठीचा सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत घ्या. दोन्हींचे संरक्षण प्रत्येकी २ लाख आहे.

तुमचा चालू ठेका मार्चमध्ये संपतो, असे तुम्ही लिहिले आहे. नवा ठेकेदार आला की त्याला तुमचा जुनाच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, द्या, नवा काढू देऊ नका, आणि आधीची रक्कम त्याच खात्यात वर्ग करून घ्या. आधारवरचे, बँकेतले आणि पीएफमधले नाव एकच आहे ना, हे त्याआधी पाहा. राजीनाम्यावर सही केल्याशिवाय कामावर घेणार नाही असे कोणी म्हणाले, तर सही करू नका; त्या कागदाचा फोटो काढा आणि त्याच दिवशी तो संघटनेला आणि वकिलांना पाठवा.