१० विन, ९ लॉस आणि तरीही साय यंग?

२०१८ साली न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) जेकब डीग्रॉम याचा हिशेब १०-९, म्हणजे त्याच्या नावावर १० विजय (विन) आणि ९ पराभव (लॉस), जेमतेम निम्मे. मग नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला कसा, हा तुमचा प्रश्न. त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यामागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावांची सरासरी, पाहा: १.७०. नऊ इनिंगमागे दोन धावाही तो देत नव्हता. धावा काढायच्या होत्या त्या बाकीच्यांनी, आणि तिथेच सगळं अडलं.

पिचरच्या नावावर विन लागण्याचा नियमच तसा आहे. सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग टाकायच्या, तो बाहेर पडताना संघ पुढे हवा आणि ती आघाडी पुढे एकदाही जाता कामा नये. सात इनिंगमध्ये एकच धाव दिली, पण आपल्यांनीही एकच काढली, तर विन नाही. आघाडी ठेवून बाहेर पडलात आणि बुलपेनने (नंतर येणाऱ्या राखीव पिचरांनी) आठव्या इनिंगमध्ये ती घालवली, तरी नाही.

बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सचं धावांच्या वर्गाचं सूत्र लावून बघा: काढलेल्या धावांचा वर्ग भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. दिलेल्या धावा ३ आणि काढलेल्या ३, तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के. काढलेल्या ५ झाल्या की तीच ७३ च्या पुढे. पिचिंग तेच!

रन सपोर्टचा, म्हणजे पिचरला त्याच्या संघाने काढून दिलेल्या धावांचा, आकडा बघताना मात्र तो कसा काढलाय ते तपासा. काही ठिकाणी पूर्ण सामन्यातल्या धावा धरतात, काही ठिकाणी फक्त तो पिचर खेळात असेपर्यंतच्या. तो बसल्यावर नवव्या इनिंगमध्ये निघालेल्या पाच धावा त्याच्या काय कामाच्या?

माझं आवडतं (खरं तर छळणारं) उदाहरण २६ मे १९५९ चं. पायरेट्स संघाचा पिचर हार्वी हॅडिक्स याने मिलवॉकीत १२ इनिंग परफेक्ट टाकल्या, ओळीने ३६ बॅटर बाद. त्याच्या संघाने १२ हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) मारले, धाव एकही नाही, म्हणून ०-० वर सामना नऊ इनिंगच्या पुढे लांबला. तेराव्यात आधी क्षेत्ररक्षणातली चूक, मग बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू), मग हँक एरनला मुद्दाम दिलेला वॉक (फुकटचा पहिला बेस), आणि जो ॲडकॉकचा फटका. १-० ने हार. ते १२ हिट देणाऱ्या मिलवॉकीच्या पिचर लू बर्डेटला विन, हॅडिक्सला लॉस.

उलटं उदाहरणही आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल विन म्हणजे निव्वळ नशीब. १९७२ च्या फिलीज संघाने अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले, त्यातले २७ एकट्या पिचर स्टीव्ह कार्लटनच्या नावावर. पण त्याने ४१ पैकी ३० सामने स्वतःच शेवटपर्यंत टाकले होते. बुलपेनला आघाडी घालवायची संधीच ठेवली नाही. आताच्या पिचरला तेवढं टाकू देतंय कोण!