मरायला टेकलेली हार्ड डिस्क: आधी कॉपी, दुरुस्ती नंतर

तुम्ही म्हणताय १ टीबीची डिस्क आहे, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागत होती, आता विंडोज थेट फॉरमॅट करा म्हणतंय आणि कोणीतरी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) चालवायला सांगितलंय. नका चालवू! फॉरमॅटला कॅन्सल म्हणा आणि डिस्क काढून ठेवा, कारण नुसती चालू ठेवली तरी ती अजून बिघडू शकते. चेकडिस्क फाइल सिस्टीम नीट करायला त्याच डिस्कवर लिहितं, तुमच्या फायलींचं काय होईल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी एकदा हा शहाणपणा केलाय, सकाळी बघतो तर फोटोंच्या जागी फाउंड.००० नावाचा फोल्डर आणि आत ढीगभर सीएचके फायली (चेकडिस्कने गोळा केलेले बेनावी तुकडे), कुठली कशाची काही पत्ता नाही.

आता आवाज आठवा. एका लयीत टक टक टक येऊन फिरणं थांबत असेल तर बहुतेक हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) गेलंय, मग सॉफ्टवेअरचा नाद सोडा आणि डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबकडे द्या. घरी उघडायची नाही, हेड प्लॅटरच्या (डेटा असलेल्या फिरत्या तबकडीच्या) वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा एक कण बास. आणि ते फ्रीजरमध्ये ठेवायचं खूळ, त्याने आत दव धरतं, बाकी काही नाही.

आवाज नसेल तर स्मार्टचे आकडे बघा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. १९९ नंबरचा (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदला, कधी कधी तेवढ्यावरच भागतं. ५, १९७, १९८ यांची रॉ व्हॅल्यू (मूळ मोजणी) शून्य नसेल तर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे, जातायत.

मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) डीडीरेस्क्यू चालवा, ते खराब डिस्कची जशीच्या तशी कॉपी, म्हणजे इमेज, काढतं. शक्यतो डिस्क यूएसबीऐवजी थेट साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या पोर्टला) जोडा, दुसरीकडे तिच्यापेक्षा मोठी रिकामी जागा ठेवा, आणि कुठली डिस्क सोर्स, कुठली डेस्टिनेशन हे सीरियल नंबर बघून दोनदा खात्री करा, उलटं झालं तर संपलंच सगळं. पहिल्या फेरीत स्क्रेपिंग (खराब भाग खरवडून वाचणं) बंद ठेवायचं, म्हणजे सोपं सोपं आधी निघतं आणि खराब पट्टे ते ओलांडून जातं. स्पीड मधेच ९० एमबीवरून काही केबीवर येईल, घाबरू नका. मॅपफाइल मात्र हवीच, त्यात कुठलं वाचलं कुठलं राहिलं ते लिहिलेलं असतं, त्यामुळे मधे बंद करून डिस्क गार होऊ दिली तरी पुढून सुरू होतं. राहिलेल्या तुकड्यांवर दोन-तीन रिट्राय शेवटी.

पुढचं सगळं इमेजवर, तेही तिची एक कॉपी काढून. आधी टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, शोधणारं टूल), पार्टिशन मिळालं तर नावं-फोल्डर सगळं परत येतं. नाहीच मिळालं तर फोटोरेक (फायली थेट डेटातून शोधून काढणारं टूल), पण त्यात फायलींची नावं जातात आणि हजारो फायली हाताने निवडत बसावं लागतं.

आणि जुनी डिस्क लगेच फेकू नका, आधी फायली उघडून बघा, लिस्टमध्ये नाव दिसतं पण फोटो उघडला की खालचा अर्धा राखाडी, असं होतं.