‘हे आमच्याकडे नसतं’

प्रश्न : माझ्या बालवर्गात चार-पाच वर्षांची 18 मुलं आहेत. सणाच्या आधी सगळ्यांना एकच छापील चित्र रंगवायला दिलं. एक मुलगी खडू खाली ठेवून म्हणाली, “बाई, हे आमच्याकडे नसतं.” घरोघरचे सण वेगळे, सगळ्यांना कसं सामावून घेऊ?

उत्तर : त्या मुलीनेच तुम्हाला वाट दाखवली आहे. पुढच्या वेळी कोरा कागद द्या, शक्य तितका मोठा, आणि सणाचं नाव न घेता विचारा, “तुमच्या घरी सगळे जमतात, त्या दिवशी काय काय असतं?” ज्या घरात सण पाळत नाहीत, त्या मुलालाही याचं उत्तर देता येतं.

या वयात डोक्यालाच पाय फुटलेली माणसं निघतात, आवडती आजी घरापेक्षा मोठी होते. ते सुधारायला जाऊ नका. मी सुरुवातीला एका मुलाच्या चित्रात स्वतः दार काढून दिलं होतं. त्यानंतर त्याने त्या कागदाला हातच लावला नाही. ते मला अजून बोचतं.

“हे काय आहे?” असं न विचारता “याबद्दल सांग ना” म्हणा आणि मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा. घरून कापडाचा तुकडा, जुना कागद आला तर चिकटवू द्या. मात्र “तुमच्यात कसं करतात ते सांग” असं एखाद्याला वर्गासमोर उभं करून विचारू नका. एवढ्याशा जिवाने अख्ख्या समाजाच्या वतीने का बोलावं? त्याला फक्त त्याचं घर माहीत असतं.