अपंगत्व ‘येतं’ की ‘लादलं जातं’?

प्रश्न थोडक्यात असा आहे की प्रबंध मराठीत लिहायचाय, विषय अपंग विद्यार्थ्यांचं कॉलेज शिक्षण, आणि इम्पेअरमेंट काय, डिसॅबिलिटी काय, दोन्हीला मराठीत अपंगत्वच म्हणतात, त्यात गाइड म्हणतात सगळीकडे दिव्यांग कर, मग फरक दाखवायचा कसा?

फरक दाखवायलाच हवा, त्यावर तर तुमचा विषय उभा आहे. 1976 साली ब्रिटनमधल्या यूपिआस या अपंगांच्याच संघटनेने हे दोन शब्द मुद्दाम वेगळे काढले, शरीरात जे कमी ते इम्पेअरमेंट आणि समाज त्या माणसाला जसा बाहेर ठेवतो ती डिसॅबिलिटी. आपल्या 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातली व्याख्यासुद्धा त्याच वाटेची आहे, दीर्घकालीन इम्पेअरमेंट आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडली की सहभाग अडतो. (सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं, ते टक्के मात्र मोजायचे माणसाचे, जिन्याचे कोणी मोजत नाही.) आता या व्याख्येत दोन्हीकडे दिव्यांगत्व घालून वाचा, काही अर्थच लागत नाही. दिव्यांग हा शब्द 2015 च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवला तिथून सरकारी कागदात आला, तेव्हा खात्याचं, योजनेचं नाव असेल तिथे तो ठेवा, विश्लेषणात नको.

इम्पेअरमेंटला ‘व्यंग’ सुचवतात. मला नाही पटत, ‘व्यंगावर बोट ठेवणे’ त्या शब्दाला कायमचं चिकटलंय. शक्य तिथे नेमकं दृष्टिदोष, श्रवणदोष असं लिहा, एकत्र शब्द लागलाच तर ‘क्षती’ चालेल, जरा पुस्तकी आहे पण त्यात टोमणा नाही. डिसॅबिलिटीला अपंगत्वच ठेवा.

पण खरी गोम नामात नाहीये, क्रियापदात आहे. मराठीत अपंगत्व ‘येतं’. ताप येतो, म्हातारपण येतं, तसं. आणणारं कोणीच नाही! तुम्ही ‘अपंग करणे’ आणि ‘अपंगत्व लादणे’ वापरून बघा, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या लायब्ररीने तिला अपंग केलं’, एका वाक्यात सगळा सिद्धांत आला की नाही? कानाला खटकेल, खटकू द्या.

लोकांच्या तोंडचा शब्दही तपासा मात्र. मैत्रिणीच्या सर्वेला मी सोबत गेले होते, आजींना विचारलं घरात कोणी अपंग आहे का, तर ‘न्हाय बा, कोण न्हाय’, आणि ओसरीवर आजोबा काठीने उंबरा चाचपत होते. मग विचारलं, कुणाला दिसायला त्रास होतो का? ‘ह्यास्नी तर कायच दिसत न्हाय की.’ अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न म्हणूनच अपंग हा शब्दच टाळतात, बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात राहणं, स्वतःचं आवरणं, बोललेलं समजणं-समजावणं, यात किती अडचण येते एवढंच विचारतात. तुमची प्रश्नावली अशीच करा.

आणि हे विचारलं नाहीत तरी सांगते, प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा. माझ्या एका अंध मित्राला अंध विद्यार्थ्यांवरचाच मराठी प्रबंध हवा होता, मिळाला तो युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसती कसलीतरी अक्षरं नि चिन्हं बडबडत होता, शेवटी आम्ही दोन रविवार बसून त्याला तो वाचून दाखवला.